यू जेमिनोरमचे उद्रेक आणि गच्चीवरची आठ इंची: उपग्रह असताना आपण बघून काय उपयोग?

गच्चीवाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वाईला घराच्या गच्चीवर आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. शनीची कडी, गुरूचे चंद्र, मृगातला तेजोमेघ सगळं बघून झालं, पाहुणेरावळ्यांना दाखवून झालं. आता असं काहीतरी हवंय जे काल होतं तसं आज नसेल. शोधता शोधता उद्रेकी जोडताऱ्यांवर येऊन थांबलो. एक श्वेत बटू, म्हणजे आकाराने पृथ्वीएवढा आणि वजनाने सूर्याच्या तोडीचा मेलेला तारा. त्याच्याभोवती काही तासांत फेरी मारणारा लालसर जोडीदार. जोडीदाराचा वायू ओढला जातो, तो थेट बटूवर न पडता भोवती तबकडी करून फिरत राहतो, आणि मधूनच ही तबकडी भडकते.

मी निवडलाय यू जेमिनोरम. मिथुनेत, पुनर्वसूतल्या पोलक्सच्या साधारण सहा अंश दक्षिणेला. १८५५ च्या डिसेंबरात जॉन रसेल हाइंड यांना सापडला. एरवी चौदाव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे माझ्या दुर्बिणीत नाहीच. भडकला की नवव्या प्रतीपर्यंत येतो, तेव्हा लहान दुर्बिणीतही दिसावा. सरासरी शंभर दिवसांनी, पण कधी दोन महिन्यांत, तर कधी सहा महिने पत्ता नाही.

आता प्रश्न. हे उद्रेक क्ष-किरणांत बघणारे उपग्रह वर फिरतायत, रोज अख्खं आकाश चाळणारे स्वयंचलित कॅमेरे आहेत. मग मी जानेवारीच्या थंडीत कानटोपी घालून डोळा लावला तर विज्ञानाला काडीचा उपयोग आहे का? की हा नुसताच छंद? नुसता छंद असला तरी करणारच आहे, पण माहीत असलेलं बरं.

टवाळ_पोर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पहिला नंबर!

खगोलखुळी
छान धागा. उपयोग आहे, शंभर टक्के आहे. दुपारी सविस्तर लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

शंकेखोर
उपयोग वगैरे सोडा. मला मुळात या तबकडीचीच शंका आहे. कोणी पाहिली ती? सगळ्यात मोठ्या दुर्बिणीतही हा तारा म्हणजे एक ठिपका. ठिपक्यात बटू, जोडीदार, तबकडी, वायूची धार एवढा संसार मांडायचा म्हणजे कुंडलीत बारा घरं मांडण्यासारखंच झालं.

दूरदेशी_क्षकिरण
@शंकेखोर, शंका रास्त आहे, पण हाच यू जेमिनोरम त्याचं उत्तर देतो. याची कक्षा आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते, म्हणून दर सव्वाचार तासांनी जोडीदार तबकडीच्या समोर येतो आणि प्रकाश घटतो. गंमत अशी की शांत काळात हे ग्रहण बटूचं लागत नाही. वायूची धार तबकडीच्या काठावर जिथे आपटते, तिथला तापलेला डाग झाकला जातो. डाग कधी झाकला आणि कधी सुटला हे घड्याळ लावून मोजलं की तो कुठे बसलाय हे भूमितीने निघतं. ठिपका ठिपकाच राहतो, पण झाकत-उघडत त्याचा नकाशा काढता येतो. कुंडलीतल्या घरांना ग्रहण लागत नाही. :)

ओळख: मी पोटापाण्यासाठी क्ष-किरण उपग्रहांची माहिती चाळतो. मूळ पुण्याचा, आता इंग्लंडात. इथे ढग इतके असतात की दृश्य प्रकाशातलं खगोल सोडून क्ष-किरणांत आलो असं लोकांना सांगतो.

शंकेखोर
ग्रहणाचा मुद्दा मान्य. आता तबकडी का भडकते, ते सांगा.

पंचगंगेकाठचा
हे मी सांगतो, कोल्हापुरी पद्धतीनं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. वीज नाही, बटण नाही. पाणी ठरावीक पातळीला आलं की पाण्याच्या भारानंच दरवाजा उघडतो, भोगावतीला लोंढा सुटतो, पातळी उतरली की दरवाजा आपोआप बसतो. आमच्याकडं पावसाळ्यात "तीन नंबरचा दरवाजा उघडला" ही बातमीच असते. तबकडीचं तसंच. जोडीदार वरून पाऊस पाडतोय, माल साचतोय, पातळी भरली की दरवाजा उघडला, लोंढा बटूवर. नाद खुळा!

लंबवर्तुळ
वा! दाखला आवडला. शाहू महाराजांच्या धरणाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

दूरदेशी_क्षकिरण
@पंचगंगेकाठचा, हा दाखला मी चोरणार. फक्त दोन ठिकाणी दुरुस्ती.

एक, इथला दरवाजा म्हणजे हायड्रोजन. तबकडी थंड असताना हायड्रोजन अखंड अणूंच्या रूपात असतो, वायूच्या थरांत घर्षण कमी, म्हणून माल आत सरकत नाही, साचत राहतो. तापमान सहा-सात हजार अंशांच्या घरात गेलं की अणू फुटायला लागतात, वायू अपारदर्शक होतो, उष्णता कोंडते, आणखी तापतो. घर्षण वाढतं आणि माल भराभर आत घसरतो. एका कड्याने पेट घेतला की शेजारचं कडं, मग त्याच्या शेजारचं, अशी तापण्याची लाट तबकडीभर जाते. गवताला वणवा लागतो तशी. १९७४ मध्ये योजी ओसाकी यांनी तबकडी साचते आणि मोकळी होते ही कल्पना मांडली, हायड्रोजनचा खुलासा पुढच्या काही वर्षांत आला.

दोन, एकदा गरम झालेली तबकडी पेट घेतला त्या पातळीच्या बरंच खाली जाईपर्यंत गरमच राहते. भरताना एक पातळी, उतरताना दुसरी. दोन्ही एकच असत्या तर उद्रेक झालाच नसता, नुसती संथ गळती चालू राहिली असती. शिवाय धरण रिकामं होत नाही. एका उद्रेकात तबकडीतला थोडाच माल खाली उतरतो.

रात्रपाळी
म्हणजे स्फोट नाहीच हा? पेपरात तर "ताऱ्याचा महास्फोट" लिहितात.

खगोलखुळी
कुकर झाला, आले.

@रात्रपाळी, स्फोट वेगळा, उद्रेक वेगळा, आणि पेपरवाले दोन्हींची खिचडी करतात. यू जेमिनोरममध्ये काहीच फुटत नाही, वायू खाली पडताना तापतो आणि उजळतो. त्याला ड्वार्फ नोव्हा म्हणतात. खरा नवतारा म्हणजे बटूच्या पृष्ठभागावर साचलेला हायड्रोजन अणुभट्टीसारखा पेटतो आणि थर अवकाशात भिरकावला जातो. तिथे फुटतं. उत्तर मुकुटातला टी कोरोनी बोरिअॅलिस त्यातला. १८६६ आणि १९४६ मध्ये पेटला, एरवी दहाव्या प्रतीचा असतो तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत आला, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसला.

टवाळ_पोर
टी कोरोनीचं नाव काढू नका. गेल्या वर्षी "सप्टेंबरपर्यंत नक्की" म्हणून सगळ्या नातेवाईकांना सांगून बसलो होतो. आत्या अजून विचारते, "तुझा तारा फुटला का रे?"

लंबवर्तुळ
आत्याला सांग, मागच्या दोन वेळांत ८० वर्षांचं अंतर होतं. एकदोन वर्षं इकडेतिकडे म्हणजे एसटीपेक्षा वक्तशीर आहे.

रच्याकने, फुटणाऱ्या ताऱ्यांत आपल्या नारायणगावचाही वाटा आहे. आरएस ऑफ्युकी २००६ च्या फेब्रुवारीत पेटला तेव्हा खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने त्याचा कमी वारंवारतेचा रेडिओ संदेश पकडला होता. १.४ गिगाहर्ट्झच्या खाली तो ऐकण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे आपण मिसळ खायला थांबतो तिथून आडवाटेला गेलं की.

पंचगंगेकाठचा
नारायणगावची मिसळ हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. आणि तिथं आमचं मत स्पष्ट आहे.

गच्चीवाला
मिसळ नको, प्लीज. धागा वाहून जाईल. :)

@खगोलखुळी ताई, "शंभर टक्के उपयोग आहे" म्हणालात ते राहिलं.

खगोलखुळी
हो हो. हंस राशीतला एसएस सिग्नी घ्या, या जातीतला सगळ्यात तेजस्वी. १८९६ मध्ये हार्वर्डच्या छायापट्ट्यांवर लुइसा वेल्स यांना सापडला. बारावीहून आठव्या प्रतीवर, सरासरी सात-आठ आठवड्यांनी. हौशी निरीक्षकांनी तेव्हापासून तो इतका राखलाय की एकही उद्रेक निसटला नसल्याचं मानतात.

याचं अंतर मोठं भांडण होऊन बसलं होतं. हबलच्या मोजमापावरून १९९९ मध्ये सव्वापाचशे प्रकाशवर्षांच्या आसपास निघालं. एवढ्या लांब असूनही एवढा तेजस्वी दिसायचा तर जोडीदाराकडून माल धो-धो यायला हवा. आणि माल धो-धो येत असेल तर तबकडी कायम गरमच राहील, उद्रेक होणारच नाहीत! म्हणजे एक तर अंतर चूक, नाहीतर वर दूरदेशींनी सांगितलेली हायड्रोजनची अख्खी कथाच चूक.

मग रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने अंतर मोजायचं ठरलं. अडचण अशी की हा तारा रेडिओत फक्त उद्रेकात उजळतो, आणि उद्रेक काही तारीख देऊन येत नाही. मग एएव्हीएसओच्या, म्हणजे अमेरिकेतल्या रूपविकारी (तेज बदलणारे) तारे बघणाऱ्यांच्या १९११ पासूनच्या संघटनेच्या, निरीक्षकांना विनंती गेली. कोणाला वर चढताना दिसला की कळवा, की रेडिओ दुर्बिणी वळवतो. असं वारंवार केलं आणि २०१३ मध्ये उत्तर आलं: सुमारे ३७० प्रकाशवर्षं. हायड्रोजनची कथा तरली. नंतर गाइया उपग्रहानेही तेवढंच सांगितलं.

घरून, अंगणातून, गच्चीवरून बघणारे लोक हे. म्हणून म्हणाले शंभर टक्के.

शंकेखोर
हे २०१३ चं. आता रोज आकाश चाळणारे कॅमेरे आहेत, धागालेखकांनीच लिहिलंय. ताई, तुमचे शंभर टक्के आता वीसवर आलेत.

दूरदेशी_क्षकिरण
शंकेखोर बरोबर बोलतायत, थोडंसं. मार्च २०१८ मध्ये भुजंगधारीत बटूच्या जागी कृष्णविवर असलेला एक जोडतारा भडकला. ६ तारखेला स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या आसास-एसएन प्रकल्पाला दृश्य प्रकाशात दिसला. अंतराळ स्थानकावरच्या मॅक्सी या क्ष-किरण उपकरणाला ११ तारखेला. आधी दृश्य, मग क्ष-किरण, मध्ये पाच दिवस.

हा मधला काळच आमच्या कामाचा. दृश्य प्रकाश तबकडीच्या बाहेरच्या, त्यामानाने थंड भागातून येतो, क्ष-किरण अगदी आतून, जिथे माल बटूवर आपटतो किंवा कृष्णविवराच्या तोंडाशी पोचतो. लाट बाहेरून निघून आत किती दिवसांत आली हे त्या फरकावरून कळतं. ऑक्टोबर १९९६ मध्ये एसएस सिग्नीवर असंच पाळत ठेवून काम झालं होतं. दृश्य प्रकाश चढला, साधारण एक दिवसाने क्ष-किरण चढले, आणि मग चक्क कोसळले! तीनेक तासांत. बटूला टेकणारा थर विरळ असतो तोवर त्यातून कडक (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण निघतात. माल वाढला की थर दाट होतो, थंडावतो, आणि प्रकाश कडक क्ष-किरणांतून अतिनीलाच्या टोकाकडे सरकतो. म्हणजे दृश्यात तारा ऐन भरात आणि कडक क्ष-किरणांत शांत काळापेक्षाही मंद. मी पहिल्यांदा तो आलेख पाहिला तेव्हा वाटलं अक्ष उलटा छापलाय.

यू जेमिनोरम मात्र इथेही वाकड्यात. त्याचे कडक क्ष-किरण उद्रेकात वाढतात. एकाच जातीचे दोन तारे, तर्‍हा दोन.

रात्रपाळी
काहीच फुटत नाही म्हणता म्हणता डोकं फुटलं. पण वाचतेय. मी नागपूरला रुग्णालयात रात्रपाळी करते, दोन वाजता गच्चीवर चहा प्यायला जाते, तेव्हा मिथुन डोक्यावरून कलायला लागलेली असते. जुनी १०×५० द्विनेत्री आहे. त्यात काही?

खगोलखुळी
शहरातून नववी प्रत अवघड, पण अगदी ऐन भरात असला आणि आकाश धुतलेलं असलं तर प्रयत्न करायला हरकत नाही. एसएस सिग्नी आठवीपर्यंत येतो, तो जमेल. पण...

टवाळ_पोर
पण हंस रास चांगली दिसते जुलै-ऑगस्टात. म्हणजे ढग दिसतात. :))

लंबवर्तुळ
जखमेवर मीठ. २०१५ मध्ये हंसेतल्याच व्ही४०४ सिग्नीला २६ वर्षांनी जाग आली. कृष्णविवर, सूर्याच्या नऊपट वजनाचं, साधारण ७८०० प्रकाशवर्षं लांब. १९३८ मध्ये त्याला साधा नवतारा समजून नोंदला होता, १९८९ मध्ये जपानच्या गिंगा उपग्रहामुळे खरं रूप कळलं. जागा झाला १५ जूनला. पंधरा जून! ऐन मृगात. दोन आठवडे अठराव्या प्रतीचा तारा अकरा-बाराच्या आसपास नाचत होता. जपानी संशोधकांनी नंतर दाखवलं की कृष्णविवराच्या तोंडाशी चाललेली लुकलुक दृश्य प्रकाशातही होती, वीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून डोळ्यांनी टिपता येईल अशी. म्हणजे गच्चीवाल्यांचीच आठ इंची! आणि आम्ही पुण्यात खिडकीत बसून पाऊस बघत भजी खात होतो.

गच्चीवाला
हे वाचून त्रास झाला. तेव्हा माझ्याकडे दुर्बीण नव्हती एवढंच समाधान.

पंचगंगेकाठचा
आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह तेव्हा वर होता का?

दूरदेशी_क्षकिरण
नाही ना. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, साडेतीन महिने हुकलं. २०१८ च्या त्या कृष्णविवराकडे मात्र त्याने वेळेत तोंड वळवलं. एकाच उपग्रहावर अतिनील दुर्बीण आणि क्ष-किरण उपकरणं हे त्याचं मोठं बळ. त्यातली काही उपकरणं मुंबईच्या टीआयएफआर आणि पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थांनी केलेली आहेत. टीआयएफआरचं हे काम जुनं आहे. १९९६ मध्ये गेलेल्या आयआरएस-पी३ उपग्रहावर त्यांचा छोटा क्ष-किरण प्रयोग होता, त्याने जीआरएस १९१५+१०५ चे झटके टिपले. ते कृष्णविवर १९९२ मध्ये भडकलं आणि पंचवीसेक वर्षं विझायचं नाव घेईना. जोडीदाराची फेरीच ३३-३४ दिवसांची, तबकडी अवाढव्य. मोठं धरण, लांब पूर.

पण गच्चीवाल्यांच्या प्रश्नाकडे येतो. कॅमेरे चाळतात, पण तिथेही ढग असतात, चंद्र असतो. आणि फार तेजस्वी तारा मोठ्या सर्वेक्षणांच्या कॅमेऱ्यात भाजून निघतो, मोजमाप फुकट. तुमच्यासारख्यांचा खरा फायदा रेखांशाचा. जपानातली रात्र सरत आलीय आणि युरोपातली जेमतेम सुरू होतेय, त्या वेळेत भारतात मध्यरात्र असते. तिथे निरीक्षक फारच थोडे.

आणखी एक. "दिसला नाही" हीसुद्धा नोंद असते. हबलवरचा एक अतिनील शोधक इतका नाजूक आहे की असा तारा ऐन उद्रेकात समोर आला तर त्याला इजा होऊ शकते. म्हणून असे तारे बघायचे असतील तेव्हा हौशी निरीक्षकांना विनवणी जायची की आदल्या रात्री बघा आणि सांगा, तारा झोपलाय ना? तिथे हवं असायचं ते उत्तर "काही दिसत नाही" हेच.

शंकेखोर
काही न दिसल्याचं प्रमाणपत्र. हे काम मला जमेल.

गच्चीवाला
ठरलं. आजपासून रोज. दिसला नाही तरी लिहायचं.

गच्चीवाला
(चार दिवसांनी) एक अडाणी प्रश्न. तुलनाताऱ्यांचा (आजूबाजूच्या, प्रत ठाऊक असलेल्या ताऱ्यांचा) नकाशा उतरवून घेतला. त्यावर ताऱ्यांपाशी ९६, ११४, १३२ असं लिहिलंय. एकशेबत्तिसाव्या प्रतीचा तारा?

खगोलखुळी
दशांशचिन्ह गाळलेलं असतं. टिंब दिलं तर तोच एक तारा वाटायचा! १३२ म्हणजे १३.२. यू जेमिनोरमच्या जागी काही नाही आणि १३.२ चा तुलनातारा मात्र दिसतोय, तर नोंद करायची "१३.२ पेक्षा मंद". वेळ ज्युलियन दिनांकात.

गच्चीवाला
ज्युलियन दिनांक बघून घाम फुटला. चोवीस लाख साठ हजार आणि काहीतरी.

लंबवर्तुळ
घाबरू नका, आपला अहर्गणच तो. ठरलेल्या दिवसापासून सरळ दिवस मोजत जायचे, महिना-अधिकमासाची भानगड नाही. फक्त दिवस दुपारी बारानंतर बदलतो, तोही ग्रीनिचच्या. म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला.

टवाळ_पोर
म्हणजे वेळ चुकली तर "घड्याळ अहर्गणात आहे" म्हणता येईल. ऑफिसात वापरणार.

गच्चीवाला
(साधारण तीन आठवड्यांनी) धागा वर काढतोय.

हिशेब असा: एकवीस रात्रींपैकी चौदा रात्री बघितलं. चौदाही वेळा "मंद". दोनदा पाचगणीच्या बाजूने धुकं चढलं, तीनदा आळस केला, खोटं कशाला बोलू. शेजारच्या काकूंनी विचारलं, "आज चंद्रसुद्धा नाही, मग बघताय काय?" म्हटलं, एक तारा दिसत नाहीये तो बघतोय. त्यानंतर त्या आईशी हळू आवाजात बोलताना दिसल्या.

एकदा तर "दिसला!" म्हणून उडी मारली आणि तो बाजूचाच तारा निघाला. नकाशा उलटा धरला होता.

परवा रात्री साडेदहाला शेवटचं बघितलं: १३.२ पेक्षा मंद. नोंद टाकली. काल चुलतभावाच्या हळदीला साताऱ्यात होतो.

रात्रपाळी
काल?? अहो, मी रात्री दोनला चहा घेऊन गेले होते. आकाश काचेसारखं होतं. नकाशातल्या जागी द्विनेत्रीत काहीतरी होतं. तिरकं बघितलं की दिसायचं, सरळ बघितलं की जायचं. ९.६ च्या तुलनाताऱ्यापेक्षा किंचित उजळ वाटलं, पण मला अनुभव नाही म्हणून इथे लिहायला धजत नव्हते.

खगोलखुळी
आत्ता पडताळलं. दुसऱ्यांच्याही नोंदी आल्यात. चढलाय! रात्रपाळी, तुमचंच बरोबर, ताबडतोब नोंदवा.

गच्चीवाला
हळदीला.

चौदा रात्री थंडीत आणि हा हळदीला.

दूरदेशी_क्षकिरण
थांबा, रडू नका. मी नोंदी चाळल्या. चढण्यापूर्वीची शेवटची नोंद तुमची आहे, परवा साडेदहाची. तुमची "दिसला नाही" आणि यांची "दिसला" यांच्यात साडेसत्तावीस तास. उद्रेक कधी सुरू झाला याची खालची मर्यादा उद्या कोणी आलेखावर काढली तर तो खाली बाण केलेला ठिपका वाईचा असेल.

पंचगंगेकाठचा
दरवाजा उघडला! कितवा नंबर?

लंबवर्तुळ
अंतर सुमारे तीनशे प्रकाशवर्षं. म्हणजे हा दरवाजा थोरल्या बाजीरावांच्या काळातच उघडला होता, बातमी काल आली.

शंकेखोर
आणि गच्चीवाले हळदीला. तीनशे वर्षांची पूर्वसूचना देऊनही.

गच्चीवाला
आज आकाश स्वच्छ आहे. लग्न उद्या सकाळी नऊ सत्तावीसचं, साताऱ्यातच. मुक्कामाचा आग्रह मोडून आत्ता शेवटच्या एसटीने वाईला निघालोय. आईला काय सांगितलं ते विचारू नका.